नाण्याची पारख आणि पेण-रोह्याची पेठ

नाण्याचे मोल राजाच्या हुकमाने ठरते आणि प्रजेने ते निमूटपणे मान्य करावयाचे असते, ही समजूत आज इतकी रूढ झाली आहे की, कधी काळी ह्याच महाराष्ट्रात, ह्याच उत्तर कोकणच्या पट्टीत, पेण, नागोठणे आणि रोहे येथील पेठांतून, राजाचे नाव वाचून नाणे घेणारा व्यापारी भोळसट ठरत असे, हे सांगितले तर कित्येकांना खरे वाटणार नाही. हाती आलेला रुपया प्रथम दगडावर वाजवावा, नंतर तराजूत घालावा, शंका आल्यास कसोटीवर घासावा, आणि एवढे करूनही मन निःशंक झाले नाही तर तो पोतदाराकडे किंवा सराफाकडे न्यावा, हा त्या काळचा शिरस्ता होता. जुन्या नाण्यांचा संग्रह करणाऱ्या मंडळींत प्रतवारी आणि अस्सलपणाची शहानिशा ह्या दोन गोष्टींचा सध्या मोठा बोलबाला आहे, आणि ही विद्या जणू परदेशातून आयात झाली असावी अशा थाटात तिच्याविषयी बोलले जाते. परंतु तिचा बराचसा भाग आपल्या बाजारपेठांना पूर्वीच अवगत होता. त्या विद्येला जोडून पूर्वी जी एक जबाबदारी येत असे, ती मात्र वाटेत कोठेतरी गळून पडली, आणि तीच ह्या लेखात विशेषेकरून लक्षात आणून द्यावयाची आहे.

ही विद्या ह्या भागात का रुजली, ह्याचे उत्तर भूगोलात आहे. पेण भोगावतीच्या काठी, नागोठणे अंबेच्या काठी आणि रोहे कुंडलिकेच्या काठी वसलेले आहे. पैकी पहिल्या दोन नद्यांचे पाणी धरमतरच्या खाडीत उतरते आणि तिसरी चेऊल-रेवदंड्यापाशी समुद्रास मिळते. भरतीच्या पाण्याबरोबर गलबते आतपर्यंत येत, मिठागरांतील मीठ आणि खाचरांतील भात बंदरावर येई, आणि वंजाऱ्यांचे तांडे तोच माल बैलांवर लादून घाट चढत. अशा ठिकाणी नाणीही चहूकडून येतात. घाटावरून पुण्याचा अंकुशी आणि चांदवडचा चांदवडी रुपया येई. उत्तरेकडून सुरती रुपया. मुंबईहून इंग्रजांनी दिल्लीच्या बादशहाच्या नावाने पाडलेला रुपया. शेजारून आंग्र्यांच्या कुलाब्याचे आणि जंजिऱ्याच्या सिद्दीचे नाणे. आणि चेऊलच्या जुन्या दर्यावर्दी व्यापाराचा मागमूस म्हणून व्हेनिसची सोन्याची पुतळीही अधूनमधून सराफाच्या पेढीवर दिसे. इतक्या धन्यांची नाणी एकाच पेठेत एकाच दिवशी फिरत असताना, प्रत्येकाचे वजन आणि कस वेगळा असल्यामुळे, ती पारखणाऱ्यावाचून त्या पेठेचा एक दिवसही निभाव लागला नसता.

राज्यकर्त्यांनाही हे पुरते उमगलेले होते. १६७४ साली, राज्याभिषेकाच्या सुमारास, मुंबईकर इंग्रजांनी शिवछत्रपतींशी तहाची बोलणी केली, तेव्हा आपले नाणे महाराजांच्या मुलखात चालावे असे एक कलम त्यांनी पुढे केले होते. ह्या कलमाची गरजच नाही, असे महाराजांचे उत्तर होते. कोणतेही नाणे चालण्यास आपली मनाई नाही, परंतु ज्यात रयतेला तोटा आहे असे नाणे घेण्याची सक्तीही आपण तिच्यावर करणार नाही. इंग्रजांचे नाणे मोगलांच्या आणि इतर राजांच्या नाण्याइतके चोख व वजनदार असेल तर ते आपोआप चालेल, असा त्याचा आशय होता. स्वतःच्या नावाने नाणे पाडण्याच्या उंबरठ्यावर उभा असलेला राजा नाण्याचा अंतिम निवाडा पेठेवर सोपवतो, ही घटना मराठ्यांच्या अर्थकारणात जितकी महत्त्वाची मानली जावी तितकी मानली जात नाही.

त्याच राज्याभिषेकाच्या निमित्ताने शिवराई आणि होन ही नाणी प्रचारात आली. शिवराई एकदा बारकाईने पाहण्याजोगी आहे. तांब्याच्या जाडसर, पुष्कळदा वाकड्यातिकड्या चकतीवर एका बाजूस तीन ओळींत ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूस दोन ओळींत ‘छत्र पति’ ही अक्षरे असतात, व त्यांच्याभोवती ठिपक्यांचे वलय असते. परंतु ठसा चकतीहून मोठा असल्याने आणि हातोड्याचा घाव क्वचितच मध्यावर बसत असल्याने, संपूर्ण अक्षरे आणि संपूर्ण वलय एकाच नाण्यावर पाहावयास मिळणे हा भाग्ययोग असतो. बहुधा ‘श्री’चा वरचा भाग चकतीबाहेर गेलेला असतो, ‘शिव’ कोठे ‘सिव’ तर कोठे ‘सीव’ झालेला असतो, आणि ठिपक्यांची एक बाजू पार नाहीशी झालेली असते. आरंभीच्या शिवराईचे वजन साधारणपणे अकरा ते तेरा ग्रॅम भरते. मागाहूनच्या पुष्कळ शिवराया त्याहून हलक्या आहेत, आणि ‘छत्र’ व ‘पति’ ह्यांच्यामध्ये दोन आडव्या रेघा असलेली दुदांडी शिवराई तर बरीच अलीकडची आहे. महाराजांच्या मागे कित्येक पिढ्या हेच नाव आणि हेच रूप चालू राहिल्यामुळे, शिवराई हाती आली म्हणजे महाराजांच्या हयातीतील नाणे हाती आले, असे मानणे ही नवशिक्या संग्राहकाची पहिली चूक असते.

ह्या दीर्घ परंपरेतील एक दुवा थेट आपल्या भागात येऊन पोहोचतो. चेऊल आणि रेवदंडा १७४० साली पोर्तुगिजांकडून मराठ्यांकडे आले, आणि त्यानंतर चारच वर्षांनी, १७४४ साली, पेशवे बाळाजी बाजीराव ह्यांच्या कारकिर्दीत, रेवदंड्यास बहिरो राम दातार आणि नागोठण्यास बाळाजी बापूजी ह्यांना तांब्याचे पैसे पाडण्यासाठी टांकसाळ घालण्याची परवानगी मिळाल्याची नोंद पेशवे दप्तरात आहे. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे ह्यांनी १८९९ साली मराठ्यांच्या टांकसाळींवर मुंबईच्या रॉयल एशियाटिक सोसायटीपुढे जो निबंध वाचला, त्यात ह्या सनदांचा परामर्श घेतलेला आहे. नागोठणे इंग्रजी अमदानीत पेण तालुक्यातील पेट्याचे ठिकाण होते आणि आज ते रोहे तालुक्यात मोडते. म्हणजे ह्या एका टांकसाळीवर दोन्ही तालुक्यांचा हक्क सारखाच पोहोचतो. बंदरावरील हमाल, मिठागरांतील आगरी, भाताचे मापारी आणि बैलवाले ह्यांचे रोजचे व्यवहार रुपयांत नसून पैशांत होत असल्यामुळे, खाडीच्या तोंडाशीच खुर्द्याची सोय असणे सरकारच्या आणि पेठेच्या दोहोंच्याही सोयीचे होते.

ही टांकसाळ सरकारी नोकरांनी चालवलेली नसे. तो एक मक्ता असे. नाण्याचे वजन सरकारने ठरवून द्यावयाचे, मक्तेदाराने ठराविक रकमेचा भरणा सरकारात करावयाचा आणि नाणे पाडण्याचा नफा आपल्या पदरात घ्यावयाचा, असा हा व्यवहार असल्यामुळे, तांब्यात चार गुंजा वाचवण्याचा मोह मक्तेदारास पडणे अगदी स्वाभाविक होते. कृष्णा आणि तुंगभद्रा ह्यांच्या दरम्यानच्या मुलखात तर जमीनदारांनी परभारे टांकसाळी घालून हिणकस होन, मोहरा आणि रुपये पाडण्याचा सपाटा लावला, आणि अखेरीस पेशव्यांना त्या बंद करवून धारवाडास पांडुरंग मुरार ह्यांच्याकडे एकच टांकसाळ सोपवावी लागली. शिवाय बहुतेक मराठी रुपयांवर नाव दिल्लीच्या बादशहाचे, लिपी फार्सी आणि ठसा चकतीहून मोठा. त्यामुळे नाणे कोणाचे हे अक्षरांवरून न कळता अंकुश, कट्यार, परशू ह्यांसारख्या खुणांवरून ओळखावे लागे. शिवराईवर तर टांकसाळीचे नावच नसते. अशा स्थितीत हुकूम सरकारचा असला तरी भरवसा मात्र पारख्याचा असे.

हा पारखी म्हणजे पोतदार. सरकारी पोत्यात, म्हणजे खजिन्यात, भरणा होणारे प्रत्येक नाणे तपासणे हे त्याचे काम; गावगाड्यात तो बहुधा सोनारच असे, आणि काही ठिकाणच्या याद्यांत बलुतेदारांमध्येही त्याची गणना केलेली आढळते. पाटील-कुळकर्ण्यांनी वसूल गोळा करावा, कमाविसदाराकडे तो रवाना करावा, आणि दोन्ही टोकांना पोतदाराने तो पारखून घ्यावा, अशी ही साखळी होती. त्याने चोख ठरवलेले नाणे पुढे खोटे निघाले तर जाब त्यालाच द्यावा लागे, आणि म्हणूनच त्याच्या शब्दाला किंमत होती. पुष्कळ पोतदार आणि सराफ तपासलेल्या रुपयावर आपल्या ओळखीचा एक लहानसा ठसा मारीत. दुसऱ्या पेठेतील सराफ तो ठसा ओळखी, आणि एका माणसाच्या पारखेवर ते नाणे दहा गावे फिरून येई.

त्याची तपासणी क्रमाक्रमाने चाले. प्रथम नजर: कडा तासलेल्या आहेत काय, पृष्ठभागावर ओतीव कामाची बारीक छिद्रे आहेत काय, अक्षरांच्या कडा ठशाच्या घावाने उठलेल्या तीक्ष्ण आहेत की साच्यातून निघाल्यासारख्या बोथट आहेत. मग कान: चोख चांदीचा रुपया दगडावर टाकला असता जो दीर्घ, स्वच्छ नाद काढतो, तो शिशाची किंवा कथिलाची भेसळ होताच बसका होतो, आणि आतून तांबे व वरून चांदीचा पत्रा असला तर फुटक्या भांड्यासारखा बद्द वाजतो. त्यानंतर तराजू: बारा मासे म्हणजे तोळा आणि आठ गुंजा म्हणजे मासा, ह्या हिशेबाने गुंज टाकून वजन. आणि शेवटी, विशेषतः सोन्याच्या बाबतीत, कसोटी: काळ्या गुळगुळीत दगडावर नाण्याची एक रेघ, तिच्या शेजारी ज्ञात कसाच्या सोन्याची दुसरी रेघ, आणि दोहोंच्या रंगाची तुलना. एवढ्यानेही शंका फिटली नाही तर छिन्नीने नाण्याच्या कडेला एक खाच पाडून आतली धातू पाहण्यास तो कचरत नसे.

तपासणीनंतर निवाडा येई, आणि तो ‘खरे’ किंवा ‘खोटे’ एवढ्या दोनच शब्दांत संपत नसे. खऱ्या नाण्यांचीही प्रतवारी होती. नवे, पुऱ्या वजनाचे नाणे दर्शनी भावाने. काही वर्षे फिरून झिजलेले नाणे बट्टा कापून. परमुलखातील नाणे त्याच्या कसाप्रमाणे अधिक बट्ट्याने. आणि तासलेले किंवा छिद्र पाडलेले नाणे केवळ धातूच्या भावाने. हा बट्टा पेठेपेठेत वेगळा आणि ऋतूऋतूत वेगळा असे. वसुलाच्या हप्त्याच्या दिवसांत ज्या रुपयात सरकार भरणा घेई, त्याचा भाव चढे. सराफाला ह्यात नफा होता आणि रयतेला जाच होता, हे निर्विवाद आहे. एकाच कुळाने एकाच रकमेवर दोन ठिकाणी बट्टा भरावा असे प्रकार घडत, आणि त्याबद्दलच्या तक्रारींनी जुनी दप्तरे भरलेली आहेत. म्हणून ह्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. परंतु झीज, वजन, कस आणि मूळ ठिकाण ह्या चार कसोट्यांवर नाण्याची श्रेणी लावण्याची पद्धत इथल्या बाजाराला अंगवळणी पडलेली होती, हे मात्र मान्य करावेच लागते.

१८१८ साली पेशवाई बुडाली आणि पेण-रोह्याचा मुलूख इंग्रजांच्या अमलाखाली गेला. आंग्र्यांचे कुलाबा संस्थान १८४० साली खालसा झाले. तत्पूर्वीच, १८३५ च्या कायद्याने, कंपनी सरकारने आपल्या सर्व मुलखासाठी १८० ग्रेन वजनाचा आणि बारा भागांत अकरा भाग चांदी असलेला एकच रुपया ठरवला. यंत्रावर पाडलेला, वाटोळा, कातरलेल्या कडेचा हा कलदार रुपया तासला की कडेवरून तत्काळ ओळखू येई. जुन्या नाण्यांचा ओघ एकाएकी आटला नाही. तांब्याच्या शिवराया तर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत खेड्यापाड्यांतून चालत राहिल्या. तथापि बट्ट्याचा धंदा बसत गेला, आणि पोतदाराचे पद ओसरून त्याचे केवळ आडनाव उरले. खोटे नाणे पकडण्याचे काम आता तिजोरीकडे गेले. १९०६ च्या नाणे कायद्याने खोटे किंवा फाजील झिजलेले नाणे कापून टाकण्याचा अधिकार ठराविक अधिकाऱ्यांना दिला, आणि पारख्याची छिन्नी अशा रीतीने कायद्याच्या कलमात जाऊन बसली.

नाण्यावरील सरकारी सत्ता पूर्णत्वास नेण्याच्या ह्या कार्यात रोह्याचाही वाटा आहे. ज्यांचे बालपण बहुतांशी रोह्यात गेले, ते चिंतामणराव द्वारकानाथ देशमुख ११ ऑगस्ट १९४३ रोजी रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. रुपयातील चांदीचे प्रमाण युद्धामुळे १९४० मध्येच निम्म्यावर आले होते. चिंतामणरावांच्या कारकिर्दीत, १९४७ साली, चांदी जाऊन रुपया निकेलचा झाला. पुढे ते अर्थमंत्री असताना १९५५ साली दशमान नाण्यांचा कायदा संमत झाला, आणि १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. धातूच्या मोलाशी नाण्याचा उरलासुरला संबंध तुटला. सोळा आण्यांचा हिशेब करणाऱ्या पेठेला आता नाणे वाजवून घेण्याचे कारण राहिले नाही. जुने नाणे देवघरात, पेटीत किंवा संग्राहकाच्या हाती गेले.

संग्राहकाच्या हाती जाताच पारखेचे निकष उलटेपालटे झाले, आणि ह्या इतिहासातील सर्वांत विलक्षण वळण तेच आहे. सराफाने मारलेला ओळखीचा ठसा पूर्वी नाण्याच्या खरेपणाची ग्वाही देई. आज त्याच ठशामुळे नाण्याची प्रत खाली येते. छिन्नीची खाच पूर्वी संशय फेडी. आज ती इजा समजली जाते. चिंच लावून रांगोळीने घासलेले देवघरातील तांब्याचे नाणे पूर्वी घरंदाज स्वच्छतेची खूण होते. आज शतकभराने चढलेला तांबूस-काळसर राप गेला म्हणून संग्राहक हळहळतो. पुतळ्यांची माळ ओवण्यासाठी सोनाराने नाण्याला जोडलेले कडे काढून टाकले, तरी त्या जागची डाग दिलेली खूण तज्ज्ञाच्या नजरेतून सुटत नाही. पूर्वी नाण्याची झीज वजनावर मोजत, आता ती ठशाच्या उंच भागांवर, इंग्रजी रुपयावरील राणीच्या गालावर आणि मुकुटाच्या कडांवर मोजतात. अमेरिकेत विल्यम शेल्डन ह्यांनी १९४९ साली तांब्याच्या जुन्या सेंटांसाठी एक ते सत्तर अशी श्रेणी सुचवली. तीच पुढे सर्वच नाण्यांना लावली गेली, आणि १९८६ च्या सुमारास तेथे त्रयस्थ संस्था नाणे तपासून, श्रेणी लिहून, पारदर्शक डबीत कायमचे बंद करून देऊ लागल्या. अशा डब्या आता आपल्याकडील लिलावांतही दिसतात. यंत्रावर पाडलेल्या नाण्यांना हे माप ठीक बसते. हातोड्याच्या घावाने पाडलेल्या शिवराईला ते जसेच्या तसे लावणे योग्य नव्हे, कारण तिच्यावरील अक्षर झिजलेले आहे, की मुळातच चकतीवर उमटले नाही, हा भेद केवळ आकड्याने व्यक्त होत नाही.

आणि श्रेणीहून मोठा प्रश्न अस्सलपणाचा आहे. शिवकालीन होन अत्यंत दुर्मीळ. त्याचे वजन पावणेतीन ग्रॅमांच्या आसपास, आणि धातू सोने. सोने खरे वापरूनही होन खोटा करता येतो, कारण तेथे नफा धातूत नसून नावात आहे. येथे पोतदाराची कसोटी निरुपयोगी ठरते आणि अक्षरांचे वळण, ठिपक्यांचे अंतर, ठशाचा घाव व त्याच ठशातून निघालेल्या ज्ञात नाण्यांशी तुलना, हाच आधार उरतो. महाराजांच्या नंतरच्या छत्रपतींची ‘श्री राजा शंभु’, ‘श्री राजा राम’ अशी विरळ अक्षरे असलेले तांब्याचे नाणे समोर आले, तर मूळ शिवराईतील अक्षरे मागाहून कोरून बदललेली नाहीत ना, हे भिंगाखाली पाहणे अगत्याचे असते. इंग्रजी रुपयांतही सापळे आहेत. १९११ सालच्या पंचम जॉर्जच्या रुपयावर बादशहाच्या झग्यावरील हत्ती डुकरासारखा दिसतो असा गिल्ला झाल्याने पुढच्या वर्षी ठसा बदलण्यात आला. मूळचा बराचसा साठा वितळवला गेला, आणि त्यामुळे जो थोडा बाहेर पडला त्याला मोल आले. अशा रुपयाच्या ओतीव नकला वजनात आणि कडेच्या कातरकामात उघड्या पडतात. मुंबईच्या टांकसाळीने जुन्या ठशांवरून मागाहून पाडलेली नाणी तर खोटी नसूनही मूळची नव्हेत, आणि त्यांना वेगळ्या रकान्यात घालणे हे प्रामाणिक विक्रेत्याचे कर्तव्य ठरते.

ह्या अभ्यासासाठी आपल्याकडे साधनांची उणीव नाही. पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून कागदपत्रे व वस्तू जतन करीत आले आहे. नाशिकजवळ अंजनेरी येथे नाणकशास्त्रास वाहिलेली संशोधन संस्था आहे. आणि मुंबईत रिझर्व्ह बँकेचे नाणी व नोटांचे संग्रहालय सर्वांना खुले आहे. कायदाही स्पष्ट आहे. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत सापडलेले दहा रुपयांहून अधिक मोलाचे द्रव्य जिल्हाधिकाऱ्यास कळवावे लागते, आणि १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांहून जुने नाणे पुरावस्तू ठरत असल्यामुळे ते देशाबाहेर नेता येत नाही. शेत नांगरताना मडक्यात सापडलेल्या शिवराया परस्पर वाटून घेतल्या, की नाणी शिल्लक राहतात, पण ती कोणत्या गावी, कशाबरोबर, किती संख्येने पुरलेली होती हा पुरावा नष्ट होतो. आणि नागोठण्यासारख्या अनामिक टांकसाळीचा पैसा ओळखण्याचा खरा मार्ग अशा सापडलेल्या निधींच्या नोंदींतूनच जातो.

तेव्हा पेण-रोह्यातील ज्या कुटुंबांच्या देवघरांत आणि जुन्या पेट्यांत ही नाणी अद्याप आहेत, त्यांना एवढीच विनंती आहे की, त्यांनी ती घासू नयेत, वजन करून ती कोठून व कशी आली हे चिठ्ठीवर लिहून ठेवावे, आणि विकावयाची झाल्यास प्रथम दोन जाणकारांस दाखवावीत. आणि जे आज पारखी म्हणून मिरवतात, प्रमाणपत्रे देतात व श्रेणीचे आकडे लिहितात, त्यांना नागोठण्याच्या जुन्या पेठेचा एकच दाखला पुरेसा व्हावा : पोतदाराच्या ठशाला किंमत होती ती त्याच्या जबाबदारीमुळे. चुकीच्या पारखेबद्दल जो जाब देत नाही, त्याच्या प्रमाणपत्राला कागदापलीकडे मोल नाही.